डबा घासून नेला आणि बोलणी खाऊन आलो: नवीन नाणी संग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू नाशिकरोडचा, आजोबा प्रेसमध्ये होते, ते गेल्यावर माळ्यावर डालडाचा एक जुना डबा सापडला, त्यात साठ-सत्तर नाणी, बहुतेक तांब्याची आणि चार-पाच चांदीची. तू रात्रभर बसून चिंच-मीठ लावून ती लखलखीत घासलीस, रुमालात बांधलीस आणि नाणी जमवणाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीला घेऊन गेलास. तिथं एक काका बघताक्षणी म्हणाले "वाट लावलीस", दुसरे म्हणाले "किंमत विचारायलाच आलास ना, सगळे त्याच्यासाठीच येतात", आणि तिसऱ्यांनी तर हातात पण घेतली नाहीत. आता तू विचारतोयस की हे लोक नवीन माणसाशी असं का वागतात आणि परत जायचं का.

परत जा. उत्तर लांबणार आहे म्हणून हे आधीच सांगून टाकतो. मी सव्वीस वर्षं नाणी जमवतोय, मुख्यतः मराठा काळातली आणि आपल्या नाशिक भागातल्या टांकसाळींची, आणि त्यातली बरीच वर्षं आमच्या छोट्याशा मंडळाची बैठक मीच बोलावतो, गंगापूर रोडला आमच्याच गच्चीवर. त्यामुळं नवे-जुने वाद मी खूप जवळून बघितलेत, दोन्ही बाजूंनी. वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी त्या "वाट लावलीस"चं बघू. तांब्याचं नाणं शे-दोनशे वर्षं हवेत, मातीत, माणसांच्या हातात फिरलं की त्याच्यावर एक थर धरतो, तपकिरी, काळपट, कधी हिरवट. आम्ही त्याला पॅटिना म्हणतो. बघणाऱ्याला तो मळ वाटतो पण मळ नसतो तो, तांब्याचाच वरचा थर बदलून तसा झालेला असतो आणि खालच्या धातूला तोच सांभाळतो. चिंचेचं आम्ल नेमका तोच थर खातं. खालून जे गुलाबी तांबं निघतं ते आठ दिवस छान दिसतं आणि मग डाग पडायला लागतात. आता तू लिहिलंयस त्याच्यावरून तुझ्या डब्यात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, असाव्यात. शिवराईवर एका बाजूला तीन ओळीत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति, एवढीच अक्षरं असतात, आणि महाराजांच्या नंतरही कितीतरी काळ, कितीतरी ठिकाणी ती पाडली गेली, त्यामुळं ही कुठली आणि साधारण कधीची हे ओळखायला आम्ही बघतो काय तर वेलांटी कशी काढलीय, ओळींच्या मधली रेघ कशी आहे, कडेला ठिपक्यांचं वर्तुळ आहे का आणि ठिपके केवढे आहेत. घासलं की सगळ्यात आधी जातात ते हेच बारीक ठिपके. म्हणजे त्या काकांच्या डोळ्यासमोर तू एका पत्रातली तारीखच पुसून आणली होतीस, आणि त्यांना जे वाईट वाटलं ते मनापासून वाटलं, त्यात नाटक नव्हतं.

पण त्यांचं चुकलं कुठं तर ते दुःख त्यांनी तुझ्या अंगावर टाकलं. तुला पॅटिना माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. घरात पाहुणे यायचे म्हणून आपण समई घासतो, तसं तू आजोबांची वस्तू चार लोकांत न्यायची म्हणून घासलीस. तो तुझा आदर होता आणि त्यांना दिसला फक्त ओरखडा.

आता दुसऱ्या काकांचं, किंमतीवाल्यांचं. त्यांची बाजू तुला माहीत नसणार म्हणून सांगतो. दर महिन्याला आमच्याकडे कोणी ना कोणी ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयाची नोट घेऊन येतं, कोणी 786 आकडा असलेली, कोणी वैष्णोदेवीचं 2012 सालचं नाणं, आणि प्रत्येकाला कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेलं असतं की याचे लाखो रुपये येतात. ते वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं तर सुट्ट्या पैशात अजून सापडतं. हे लाखाचं प्रकरण इतकं वाढलं की 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं, कारण बँकेचं नाव वापरून आधी फी भरा, टॅक्स भरा, मग तुमच्या जुन्या नोटेचे पैसे देतो असं सांगून माणसं लुटली जात होती. आमच्याकडे येणाऱ्यांत असे फसलेले पण असतात, आणि जुना मेंबर जेव्हा सांगतो की दादा याचे पाचच रुपये येतील तेव्हा माणूस त्याच्यावरच चिडतो, तुम्हीच स्वस्तात घ्यायला बसलात म्हणतो. वीस वर्षं फुकटात वेळ देणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा कोणी चोर म्हटलं की तो हळूहळू आंबट होतो रे. मग तू येतोस, तू काही बोलायच्या आत त्याला वाटतं की हा पण तोच प्रश्न विचारणार.

याच्याहून अवघड आहे ते रामदरबारच्या नाण्याचं. ईस्ट इंडिया कंपनी असं इंग्रजीत लिहिलेलं, 1818 साल टाकलेलं, राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेलं तांब्यापितळेचं नाणं. कंपनीनं असं नाणं कधीच काढलेलं नाही, ही सगळी नंतर लोकांनी पाडलेली आहेत, आणि त्यातली काही तांदूळ ओढून घेतात असं सांगून खेडोपाडी मोठमोठ्या रकमेला विकली गेलीत. दिंडोरीकडचे एक बाबा आमच्याकडे असंच एक घेऊन आले होते. हळद लागलेलं फडकं, त्याच्या आत अजून एक लहान फडकं, त्याच्या आत नाणं, कुंकू बसून अक्षरं भरून गेलेली. आमच्यातला एकजण लांबूनच म्हणाला, फेक आहे, असली पोत्यानं मिळतात. बाबा काही बोलले नाहीत. आधी आतलं फडकं दुमडलं, मग बाहेरचं, गाठ मारली, चहा अर्धा ठेवून जिना उतरून गेले. खरं तर तो मेंबर शब्दाशब्दाला बरोबर होता. पण बाबांच्या आईनं ते देवघरात ठेवलेलं होतं हे आम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळलं, आणि तोपर्यंत विचारायचं राहून गेलं होतं की बाबा, विकत घेतलंत का, कोणी पैसे तर नाही ना मागितले, घरात अजून काय आहे. आता असं नाणं आलं तर मी आधी विचारतो की कोणी ठेवलं होतं, मग सांगतो की हे चलन नाहीये, बाजारात याला किंमत नाही, देव म्हणून ठेवलंय तर खुशाल ठेवा, फक्त कोणी तांदळाची जादू सांगून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. पाच मिनिटं जास्त लागतात बस.

आणि "किंमत किती" याच्याबद्दल माझं मत बाकीच्या जुन्यांपेक्षा वेगळं आहे. मला नाही वाटत की नवीन माणूस लोभानं विचारतो. त्याच्याकडे दुसरा प्रश्नच नसतो! होन, दाम, टांकसाळ, हिजरी सन हे शब्द त्याला माहीत नसतात, मग हे महत्त्वाचं आहे का, आजोबांनी उगाच नाही ना सांभाळलं, हे विचारायचं कसं, तर किंमत किती असं. जुन्यांना वाटतं बाजारभाव विचारतोय. अर्धी भांडणं इथंच होतात.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो, ही मी बैठकीत पण दरवर्षी एकदा सांगतो. बरीच वर्षं झाली, निफाडकडच्या एक ताई आल्या होत्या. जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं, दोनेक किलो तरी असेल, चांदी आणि तांबं सगळं एकत्र. आत पाय ठेवताच म्हणाल्या, याचे किती येतील. त्या दिवशी त्याच्या आधी तिघांनी तेच विचारलेलं, आणि माझ्यापुढं मी चार महिने शोधत असलेलं एक नाणं होतं. मी गाठोडं सोडायलाही सांगितलं नाही. म्हटलं ताई, इथं आम्ही खरेदी करत नाही, सराफात जा. त्या गेल्या. तीनेक आठवड्यांनी सराफ बाजारात एका ओळखीच्या कारागिराकडे बसलो होतो, त्यानं गल्ल्यातून एक रुपया काढून दाखवला, बघा तुमच्या कामाचा आहे का, हा एक ठेवलाय, बाकीचा लॉट गाळला. तो गुलशनाबादचा रुपया होता, जरीपटक्याचं चिन्ह असलेला. गुलशनाबाद म्हणजे मुघलांच्या वेळचं आपलं नाशिक, आणि जरीपटका ही मराठ्यांची खूण. मी शोधत होतो त्याच्यापेक्षा चांगला. विचारलं कुणाकडून आला, तर म्हणाला निफाडच्या एक बाई होत्या, धोतराच्या फडक्यात घेऊन आल्या होत्या.

माझं नाणं गेलं याचं दुःख नाहीये मला, तसा रुपया पुढंमागं लिलावात येतो. गाठोडं गेलं. एका घरात, एका फडक्यात, कुठल्या नाण्याशेजारी कुठलं नाणं होतं, चांदवडच्या टांकसाळीचे किती होते, गुलशनाबादचे किती, कंपनीचे होते का, हे सगळं एकत्र होतं म्हणून त्याच्यातून कळलं असतं की निफाडच्या बाजारात त्या वेळी कुठला पैसा चालत होता. ते परत कधीच कळणार नाही.

आणि एकत्र सापडण्याला काय महत्त्व असतं हे नाशिकच्या माणसाला तरी कळायला पाहिजे. 1906 मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपान या जुन्या क्षत्रप, म्हणजे शक राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांच्या वर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, स्वतःचा ठसा मारलेला, म्हणजे नहपानाचा चेहरा खाली आणि वर सातवाहनांचा डोंगर. पांडवलेणीत गौतमी बलश्रीच्या लेखात कोरलेलंय की तिच्या मुलानं क्षहरातांचा वंश निर्मूल केला, नहपान त्याच वंशातला, आणि तो नुसता कौतुकाचा शब्द नाही हे त्या साठ्यानं हातात दिलं. त्याच लेणीत नहपानाचा जावई उषवदात दानाचा हिशोब लिहून गेलाय, सत्तर हजार कार्षापण म्हणजे चांदीची नाणी, पस्तीसाला एक सुवर्ण म्हणजे सोन्याचं नाणं या भावानं. म्हणजे किंमत किती हा प्रश्न आपल्याकडं दगडात कोरलेला आहे, त्याला नाक मुरडायचं काही कारण नाही. आता असं समज की जोगलटेंभीचं एक मूठभर घेऊन कोणी आमच्यासारख्यांकडे आला असता आणि आम्ही म्हटलं असतं सराफात जा.

म्हणून मी जुन्यांना सांगतो की आपल्या अल्बममध्ये कप्प्याकप्प्यात लावलेली नाणी आहेत, कॅटलॉग आहेत, सगळं आहे, पण न फोडलेला डबा आपल्यापैकी एकाकडेही नाहीये. तो फक्त नवीन माणसाकडे असतो. तो ज्या दिवशी दारात येतो त्या दिवशी त्याला हाकललं की डबा थेट भट्टीत जातो.

मला कोणी शिकवलं ते पण सांगतो, कारण जुनी मंडळी हे विसरतात की त्यांनापण कोणीतरी फुकटच शिकवलंय. जुन्या नाशकात तिवंध्याजवळ एका वाड्यात एक निवृत्त मास्तर राहायचे, आम्ही अण्णा म्हणायचो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या खिशात गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात घेतलेला एक चांदीचा रुपया होता, मोठ्या ऐटीत दाखवला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं पण नाही, आधी ताजवा काढला, त्याची धूळ पुसली, आणि मला म्हणाले तूच टाक. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम पाहिजे, बरोबर एक तोळा. माझा नऊच्या आसपास भरला. नकली होता, पण अण्णा तो शब्द बोललेच नाहीत, मीच बोललो. मग त्यांनी स्वतःचा एक खरा रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले डोळे मिटून वजन लक्षात ठेव. तो तळहात मला अजून उपयोगी पडतो.

आमच्या मंडळात आता थोडं बदललंय. नवीन माणूस आला तर बैठक त्याच्या नाण्यापासून सुरू होते, जुन्यांचं नवीन घेतलेलं शेवटी. त्याच्याशेजारी एकच जुना मेंबर बसतो, सहा-सात जण एकदम बोलत नाहीत, कारण पाच जणांनी पाच चुका काढल्या की समोरच्याला फक्त अपमान ऐकू येतो. पैशाचा व्यवहार बैठकीत होत नाही, कोणाला विकायचं-घ्यायचं असेल तर नंतर, बाहेर, आणि नवीन माणसाकडून पहिल्या भेटीत काहीही विकत घ्यायचं नाही हा नियम मी हट्टानं ठेवलाय. त्याच्यावरून दोघेजण सोडून गेले, जुने मित्र होते, वाईट वाटलं, पण शिकवणारा आणि घेणारा एकच माणूस असला की नवीन माणसाचा विश्वास बसत नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

एकतर्फी मात्र बोलणार नाही, नवीन लोकांचं पण चुकतं. पहिल्याच दिवशी तीन व्हिडिओ बघून येतात आणि ज्यानं चाळीस वर्षं मोडी वाचलीय त्याच्याशी वाद घालतात. कोणी कॅटलॉग नेतं ते परत येत नाही. कोणी आमच्याकडून ओळख करून घेतं, कोपऱ्यात जाऊन फोनवर सौदा करतं आणि परत दिसत नाही. आणि नाणं न विचारता चिमटीत पकडून अंगठा फिरवणं, हे तर बघवत नाही, नाणं कडेनं धरायचं असतं, खाली मऊ कापड ठेवून. जुना माणूस पटकन हात धरतो तेव्हा त्याला तुला अपमानित करायचं नसतं, बोटाच्या घामाची भीती असते. हे नियम कोणी लिहून दारावर लावत नाही, ही जुन्यांचीच चूक, कारण त्यांना वाटतं हे सगळ्यांना माहीत असतं.

उलट नवीन लोकांमुळं मिळालंय पण किती. 1862 च्या रुपयाचं घे. सरकारनं 1874 पर्यंत नाण्यावर 1862 हेच साल चालू ठेवलं, आणि मुंबई टांकसाळीनं खरं वर्ष ओळखायला बारीक ठिपके टाकले, एवढं आम्हाला पाठ होतं. पण साठी उलटलेल्या आमच्या डोळ्यांना ते ठिपके नीट मोजता यायचे नाहीत. सिडकोतली एक कॉलेजची मुलगी आली, तिनं मोबाईलला छोटी लेन्स लावून फोटो काढले, आणि दोन मेंबरांच्या कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या. ज्या काकांची चिठ्ठी बदलली ते पहिल्यांदा रागावले, मग महिनाभरानं स्वतःचा सगळा ट्रे घेऊन तिच्यासमोर बसले. आता तीच दोघं मिळून सगळ्यांचे रुपये तपासतात.

आता तुझं. जी घासली ती घासली, त्याला अजून काही लावू नकोस, तेल नको, लिंबू नको, पॉलिश नको. चिंचेचा अंश राहिला असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव, पाणी दोनदा बदल, कापडावर टिपून पूर्ण वाळव. बाजारातल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नकोस, त्यातल्या पीव्हीसीमुळं नाण्यावर हिरवा चिकटा येतो, अ‍ॅसिड-फ्री कागदाच्या लहान पाकिटात एकेक ठेव. चांदीची चार-पाच आहेत त्यांचं वजन कर, 11.66 च्या आसपास आलं तर चांगली खूण आहे. 1940 ते 1945 सालचा रुपया असेल तर त्यात चांदी निम्मीच असते, वजन तेच असलं तरी, म्हणून त्याच्यावरून कोणाशी वाद घालू नकोस. घरातला डबा आहे त्यामुळं सरकारी कटकट नाही, पण कधी शेतात पाया खोदताना काही सापडलं तर ती गोष्ट वेगळी, जमिनीतून निघालेल्या दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर कलेक्टरला द्यावी लागते, तो कायदा 1878 पासून आहे.

बैठकीला जाशील तेव्हा सगळी साठ-सत्तर नेऊ नकोस, एक ने. घासायची राहिलेली एखादी असेल तर तीच. आणि ते "वाट लावलीस"वाले काका असतील ना, मुद्दाम त्यांच्याच शेजारी बस आणि विचार की काका, न घासलेली ही कशी वाचायची. त्या सगळ्यांत तुझ्या नाण्यांसाठी जीव कळवळला तो त्यांचाच. किंमतवाल्यांना सांग की विकायची नाहीयेत, आजोबांनी कुठून जमवली असतील ते कळायला हवंय. त्यांच्या तोंडावरचा आंबटपणा बऱ्यापैकी जाईल असं मला वाटतं. नाहीच गेला तर आमच्याकडे पहिल्या रविवारी सकाळी दहाला ये, आणि सवड काढून अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांचं संग्रहालय आहे तिथं पण एक चक्कर मार, त्र्यंबकच्या रस्त्यावरच आहे.

आणि तो डालडाचा डबा टाकून दिला नाहीस ना? नसशील तर तसाच ठेव, धुऊ नकोस. तळाला वर्तमानपत्राचा कागद असेल तर तोही काढू नकोस, त्याच्यावर तारीख असते.